माणूस पऱ्हाटीत पडला

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर मानत नाही. आमच्या घरात कुणी चकव्याचं, अमावास्येचं काही सांगायला लागलं की चहा ठेवायला उठणारी मी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे जे काही घडतं त्याची कुठेतरी नोंद राहतेच, शोधली की सापडते, अशी माझी पक्की समजूत. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली... कारण या गोष्टीची नोंद कुठेच नाही.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याला एका छोट्या शेतीमाहिती केंद्रात कामाला होते. बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना बी-बियाण्यांच्या दुकानावरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक फोन. शेतीबद्दल काही विचारायचं असेल तर लोक त्या फोनवर विचारायचे. बीटी कपाशी घरोघरी पोचली होती. सुरुवातीला सगळे म्हणत, आता फवारणीची कटकट गेली. पुढे तुडतुडे वाढले, पांढरी माशी वाढली, मग बोंडअळीही परत दिसायला लागली, आणि माणसं पाठीवर पंप घेऊन छातीइतक्या कपाशीत पुन्हा शिरली.

फोनवर उत्तरं देता यावीत म्हणून केंद्राने एक विकी केला होता. म्हणजे अशी साइट, जिच्यात आमच्यापैकी कुणीही पान लिहू शकतो आणि एका पानातला शब्द दुसऱ्या पानाला जोडू शकतो. पान असेल तर तो शब्द निळा दिसतो, नसेल तर लाल. ऐकायला सोपं आहे. पण अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एकाने ‘कापूस’ नावाचं पान केलं, दुसऱ्याने ‘कपाशी’, तिसऱ्याने आपल्याकडे म्हणतात तसं ‘पऱ्हाटी’. तीन पानं, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. वेलांटी चुकली की लिंक लाल. आणि कित्येक पानं अशी, की त्यांच्याकडे जाणारी लिंक कुणी दिलेलीच नाही. माहिती सगळी होती हो, पण तिथपर्यंत वाट नव्हती. बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी फवारणीच्या विषबाधेवर चांगलं पान लिहून दिलं होतं. ते मी एकदा वाचलं होतं, आणि नंतर मलाच सापडत नव्हतं.

माझ्या जोडीला शकीलभाई होते. धाड गावचे. फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं, आणि मोताळ्याला आले की केंद्रात बसून पंपाबद्दलची पानं लिहायचे.

या विकीत एक यादी आपोआप तयार होते – लिंक दिलेली आहे, पण पान अजून लिहिलेलंच नाही, अशा नावांची. रोज सकाळी मी ती बघायचे. एके दिवशी तिच्यात एक नाव दिसलं : ‘माणूस पऱ्हाटीत पडला’.

असलं पानाचं नाव असतं का? मी लिंक कुठून आली ते पाहिलं. शकीलभाईंच्या ‘पंपाची निगा’ या पानावर, नोझल साफ करण्याच्या वाक्याच्या मधोमध हे तीन शब्द. लाल.

“शकीलभाई, हे तुम्ही टाकलं का?”

त्यांनी वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. “मी काऊन टाकीन ताई? नोझलच्या पानावर असं काऊन लिहीन मी?”

पानाचा इतिहास, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, उघडला. शेवटचा बदल त्यांचाच, फार जुना, आणि त्यात हे शब्द नव्हते. मी ते पुसून टाकले.

काही दिवसांनी ते शब्द परत आले. या वेळी ‘वेचणी’च्या पानावर – जे मी स्वतः लिहिलं होतं. पुसले. मग ‘पावसाचा अंदाज’वर. प्रत्येक वेळी इतिहासात ते कुणी टाकल्याची नोंदच नाही. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. ज्या मित्राने पुण्याहून हे सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “स्पॅम असेल.”

“मराठीत? आणि तेही वऱ्हाडीत?”

तो हसला. मी नाही हसले.

खोटं कशाला बोलू, सकाळी ती यादी उघडायला मला नकोसं व्हायला लागलं. शकीलभाई एकदा सहज म्हणाले, “कोनाले तरी हे पान पाह्यजे, ताई. मागून राह्यलं कोनीतरी.” मी त्यांना म्हटलं, असं काही बोलू नका. पण त्या दिवसापासून मी ते शब्द पुसणं बंद केलं. का, ते विचारू नका. पुसायची हिंमत झाली नाही एवढंच.

मग तो दिवस. दुपारची वेळ, बाहेर कडक ऊन, पावसाने बरेच दिवस दडी मारलेली. शकीलभाई शेजारच्या खुर्चीवर चहा पीत होते. फोन वाजला. एक बाई धापा टाकत बोलत होती.

“मॅडम... माणूस पऱ्हाटीत पडला.”

मी कीबोर्ड पुढे ओढला.

“कोण? कुठून बोलता ताई?”

“वडनेरच्या इकून... माहा दीर, गजानन. सकाळपासून फवारा मारून राह्यला होता. तोंडाले फेस येऊन राह्यला, डोळे फिरवून राह्यला. मॅडम, माणूस पऱ्हाटीत पडला...”

मी फोन मानेत धरला आणि शोधायला लागले. ‘विषबाधा’ टाकलं. आलं काय, तर जनावरांना कोवळ्या ज्वारीची विषबाधा. मग मधमाशांना विषबाधा. ‘फवारणी’ टाकलं तर पानंच पानं – औषध किती, पाणी किती. डॉक्टरांचं पान कुठेच नाही. शकीलभाई उठून त्यांच्या मोबाइलवरून वडनेरच्या ओळखीच्या जीपवाल्याला फोन लावत होते.

तिकडून बाईचा आवाज आला, “मिठाचं पानी आनलं मॅडम. पाजू काय? उलटी होईन.”

मी ‘हो’ म्हणणार होते. मलाही तेच माहीत होतं. सगळे तेच करतात.

“थांबा, एक मिनिट थांबा,” म्हटलं आणि – माझा विचार असा काही नव्हता, कानात जे घुमत होतं तेच बोटांनी टाइप केलं – माणूस पऱ्हाटीत पडला.

पान उघडलं.

डॉक्टरांचं पान. ‘ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधा : प्रथमोपचार’. या नावाने ते कोण शोधणार होतं? वर बारीक अक्षरात ओळ : ‘माणूस पऱ्हाटीत पडला’ वरून येथे आणले. म्हणजे त्या नावाचं पान कुणीतरी केलेलं होतं, आणि ते या पानाला जोडलेलं होतं.

“पाणी पाजू नका! उलटी करवू नका, ते छातीत जाईल. त्याले वावरातून बाहेर काढा, मोकळ्या हवेत. कपडे सगळे काढा. तुमच्या हाताले प्लास्टिक बांधा आधी. साबणानं अंग धुवा, डोकं पण. कुशीवर झोपवा. औषधाची बाटली जीपमध्ये सोबत द्या, डॉक्टरले दाखवा.”

ती एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत होती, तिकडे कुणीतरी करत होतं. शकीलभाई माझ्या मागे उभे राहून पडद्यावरची ती बारीक ओळ वाचत होते, मला ऐकू येत होतं. जीपचा हॉर्न फोनमधून ऐकू आला आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी जीपवाल्याचा निरोप आला. दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली होती, माणूस शुद्धीवर येत होता. पाणी पाजलं असतं तर रस्त्यातच गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे. मला एकदम रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान कुणी केलं हे बघायला बसले. ‘माणूस पऱ्हाटीत पडला’ टाकलं. उत्तर आलं : या नावाचं पान नाही. बदलांच्या नोंदी पाहिल्या – केल्याची नोंद नाही, पुसल्याची नाही. डॉक्टरांच्या पानाकडे येणारी एकही लिंक नाही. ‘पावसाचा अंदाज’वरचे ते शब्दही गेलेले. मित्राने पुण्याहून सगळा डेटाबेस चाळला. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, “तू ताणाखाली होतीस. आधी पान उघडलं असशील, वरची ओळ वाटली असेल.”

“शकीलभाईंनी पण वाचली,” मी म्हटलं.

नंतर आम्ही ठरवलं, की पानांना लोक बोलतात तशी नावं द्यायची. ‘पऱ्हाटी लाल पडली’, ‘बोंडात अळी निघाली’, असं एकेक नाव योग्य पानाला जोडायचं. शकीलभाई सांगायचे, मी करायचे. पहिलं कोणतं करायचं याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. मी तेच नाव टाइप केलं, डॉक्टरांच्या पानाला जोडलं, ‘जतन करा’ दाबलं.

पडद्यावर ओळ आली : या नावाचे पान आधीच अस्तित्वात आहे.

परत दाबलं. तेच. उघडून पाहिलं तर – पान नाही.

“राहू द्या ताई,” शकीलभाई हळूच म्हणाले. “ज्यानं केलं त्याचंच राहू द्या.”

मी केंद्र सोडलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सॉफ्टवेअरमधला दोष असेल, असं मी स्वतःला सांगते, आणि दिवसा ते पटतंही. पण कुणाच्या हातून झालेला दोष, आणि त्या बाईच्या तोंडचे शब्द त्याला आधीच कसे ठाऊक – याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.