भंडारदऱ्याला कुठं जेवावं

भंडारदऱ्याला जायचं ठरलं की आमच्या नातलगांतलं कुणी ना कुणी मला फोन करतंच. "तिकडं जेवायला कुठं बरं गं?" जेवणाच्या बाबतीत मी चोखंदळ, आणि त्याहून खरं म्हणजे मला लोकांना सांगायला आवडतं. मी दोनच गोष्टी सांगते. सकाळीच फोन करून ऑर्डर द्या, आणि गाडीत गोड काहीतरी ठेवा. पहिली गोष्ट सगळे ऐकतात, दुसरीला हसतात.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जामखेडच्या बाजूचे. अर्धा जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेला. तुडुंब भरलेलं धरण त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्याकडं बेलापूरला राहायला आले तेव्हा मी म्हटलं, चला, पाऊस सरलाय, मंगळवारी गर्दीही नसेल, मीच गाडी चालवते. आण्णांना डायबेटिस, जेवणाआधी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की लगेच खावं लागतं, नाहीतर साखर उतरते. आणि गळ्यात तुळशीची माळ. ज्या घरात मासमच्छी शिजते तिथलं ते पाणीसुद्धा पीत नाहीत.

त्यांच्या कोटाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी असायची. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला डॉक्टरांनीच सांगितलेली. पण महिनाभर त्यांची शुगर वर वर जात होती आणि माझ्या मते चोर सापडला होता. औषधाच्या नावाखाली म्हातारा चघळत बसतो, दुसरं काय! निघायच्या दिवशी ते आंघोळीला गेले तशी मी पुडी काढून फडताळावर ठेवली. मी बरोबर असताना गोळ्या कशाला लागतात, असा माझा तोरा.

धरणाजवळच्या शेंडी गावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. धरण काठोकाठ भरलेलं. आण्णा हात मागं बांधून उभे राहिले आणि "लई पानी हाय की गं" एवढंच तीनदा म्हणाले. मला बरं वाटलं, पण पोटात कावळे ओरडत होते. एक स्वच्छसं हॉटेल बघून बसलो. पाटीवर व्हेज आणि नॉनव्हेज दोन्ही होतं. व्हेजचं वेगळं करत असतील, असं मी आण्णांना ठोकून दिलं. वेटर म्हणाला, दहा मिनिटांत ताट येतंय. आण्णांनी कोपऱ्यात जाऊन पोटावर इंजेक्शन घेतलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर तळलेले मासे आले. ज्या खिडकीतून आले त्याच खिडकीतून आमची भाजी येणार होती. आण्णा उठले.

"आण्णा, कढई वेगळी असती."

"आन् झारा?"

"इंजेक्शन घेतलंय तुमी. बसा खाली."

"मला न्हाई जमायचं, बाई."

चारचौघांत मी तोंडाला येईल ते बोलले. आता राहा उपाशी, असंही म्हणाले. हॉटेलबाहेरच्या टपरीवर बिस्किटांच्या पुड्यांची माळ लोंबत होती. ती मला दिसली होती, हे मी कबूल करते. रागाच्या भरात थांबले नाही. पुढं घरगुती जेवणाच्या पाट्या असतात, दहा-पंधरा मिनिटांत कुठंतरी सोय होईल, असा हिशेब करून गाडी धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्याला घातली.

पाट्या होत्या. पहिल्या घराला कुलूप. माणसं भाताच्या शेतात गेलेली. दुसऱ्या घरातली सून म्हणाली, "सकाळी फोन कराया पायजे हुता ताई. आमी ऑर्डरशिवाय काहीच टाकत न्हाई." पलीकडं हॉटेल असंल, ती म्हणाली, आणि मी चहासुद्धा न मागता पुढं निघाले. जेवणच हवं, ताटच हवं, असं डोक्यात बसलेलं. नंतर रस्त्याला घर दिसेना. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी. मोबाईलला रेंज नाही.

"बैलं सोडली का?" आण्णा म्हणाले.

मी मान वळवून बघितलं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि मांडीवरचे हात थरथरत होते. बैल विकून वीस वर्षं झाली होती.

गाडी थांबवून मी सगळं उलटंपालटं केलं. माझी पर्स, डिकी, सीटखाली. पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या आणि त्यांचा रिकामा कोट. गोड म्हणून कणभर काही नव्हतं. माझ्याच हातानं काढून ठेवलं होतं मी. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. परत फिरावं तर वीस मिनिटं, पुढं काय आहे ते माहीत नाही. मी पुढंच निघाले आणि रडत रडत गाडी चालवत राहिले. आण्णा मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाका मारत होते.

वळणावर एक कौलारू घर दिसलं. धूर निघत होता. दारातच सुपात मासे वाळत घातलेले, आणि आतून कालवणाचा वास. पन्नाशीची एक बाई बाहेर आली. मी ओरडले, "मावशी, साखर! गूळ! काहीही!" ती तशीच आत गेली आणि गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आम्ही दोघींनी धरून आण्णांना ओट्यावर बसवलं.

मी गूळ ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले.

"मासं शिजतंय का हितं?" जीभ जड झालेली, पण एवढं मात्र नीट विचारलं.

"न्हाई आण्णा," मी म्हणाले. "मावशी माळकरी हायत. गळ्यात माळ हाय त्यांच्या."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग पदर ओढून गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला आणि पायानं सूप दाराआड सरकवलं.

आण्णांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघत होते, निदान मला तसं वाटलं. मग तोंड उघडलं. गूळ चघळत चघळत गिळला, वर पाणी प्यायले. मी दुसरा खडा दिला, तोही खाल्ला. पाव तासानं घाम थांबला. त्यांनी विचारलं, "कुटं आलो आपन?" आणि मी म्हणाले, "जेवायला."

तोवर बाईनं कालवणाचं भांडं मागच्या दारी नेलं होतं. तवा राखेनं घासला, परात घासली, चुलीतली लाकडंसुद्धा बदलली. मग नाचणीची भाकरी थापली आणि पिठलं टाकलं. आण्णा दोन भाकरी जेवले. ज्या माणसानं चाळीस वर्षं नेम मोडला नाही, त्याचा मी दोन वाक्यांत मोडला होता.

निघताना माळकरी माळकऱ्याच्या पाया पडतो तसे आण्णा त्या बाईच्या पाया पडायला वाकले. ती चटकन मागं सरली.

"नका बाबा. माज्या गळ्यात न्हाई माळ."

"ठावं हाय," आण्णा म्हणाले आणि वाकून पाया पडलेच.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मंग खाल्लं कशाला?"

"तू लई रडत हुतीस."

पुढं बेलापूरपर्यंत ते पाण्याबद्दल बोलत होते. किती खोल असंल, उन्हाळ्यात किती उरत असंल.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा फडताळावरची पुडी काढली. दुकानातला दोरा अजून तसाच बांधलेला होता; तो सोडून बघितलं. आतल्या गोळ्या जुन्या होऊन कागदाला चिकटल्या होत्या. त्यांनी त्यातली एकही खाल्ली नव्हती.