लातूर ते हदगाव : बेसबॉलच्या वहीत खोडलेलं एक नाव

क्रीडाशिक्षकांनो, मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत तुम्ही असा, आपलं दुखणं एकच आहे. सहावीपासून आपण एखाद्या पोरीला मैदानावर उभं करतो, तीन-चार वर्षं तिच्यामागे घसा कोरडा करतो, आणि दहावी लागली की आपला तास गणिताला देऊन टाकतात. अकरावीत ती पोर मैदानावर दिसत नाही. कुठे गेली, हे कोणी विचारतही नाही.

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बत्तीस वर्षं खेळ शिकवते. ही तक्रार मी इतक्या व्यासपीठांवरून केली आहे की मी माईक हातात घेतला की आमचे प्राचार्य मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. यंदा तेच म्हणाले, "बाई, भाषण पुरे. मुलींच्या बेसबॉल संघात दोन जागा देतो. फी माफ, वसतिगृह माफ. जा, शोधून आणा." जानेवारीत मी चार दिवसांसाठी निघाले. एसटीनेच गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि खिडकीतून गावं दिसतात, त्यामुळे कोणाला हाच फेरा करायचा असेल तर गाडी घरी ठेवा.

पहिला दिवस मुरुडचा. लातूरहून तासाभरात पोचतो. स्टँडसमोर सुशीला खाल्ली. बाहेरच्यांसाठी सांगते, भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून वर शेंगदाण्याचा कूट. एवढ्या साध्या पदार्थाला इतकी चव का लागते, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पोट भरलं आणि मी शाळेच्या मैदानावर गेले.

माझी पद्धत जुनी आहे. एका वहीत प्रत्येक मुलीसाठी पाच रकाने: धावणं, झेलणं, फेकणं, फटका आणि डोकं. शेवटच्या रकान्यात मी एवढंच बघते, की चेंडू उडाल्यावर पोरीचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं. बेसबॉलमध्ये निम्मं काम ते पाऊल करतं.

मुरुडला मात्र चेंडूच्या आधी फाईल आली. एका मुलीचे काका प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेली प्रमाणपत्रं घेऊन माझ्या खुर्चीशेजारीच बसले.

"मॅडम, जिल्हा हाय, विभाग हाय, राज्य बी हाय. ह्या पानावर बगा."

"काका, फाईल मिटा. तिला चेंडू फेकू द्या."

"फेकंल की! पण कागद तर बगा आदी."

खेळाचे गुण मिळतात म्हणून खेळ, आणि कागद मिळाला की खेळ बंद, ही आपल्याकडची रीत मला संताप आणते. पोरगी मात्र बरी होती. हात चांगला, पाय जरा जड. 'राखून ठेवा' असं लिहिलं आणि काकांना कळवते म्हणाले.

दुसरा दिवस प्रवासातच गेला. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार उभा होता, तुरीच्या काढण्या चालल्या होत्या. स्टेशनजवळच्या लॉजवर सहाशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. शेजारच्या म्हातारबाबांनी माझ्या गळ्यातली शिट्टी बघून विचारलं, "पोलिसात हाय का?" शाळेत खेळ शिकवते म्हटल्यावर त्यांचा आदर निम्म्यावर आला. असो. डाळ फार उत्तम होती.

तिसऱ्या दिवशी नायगाव. तिथे हसून पोट दुखलं. एका मुलीने सणसणीत फटका मारला आणि क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच पळत सुटली. मैत्रिणी ओरडल्या, "आगं टाक ती! घरला न्यायची का?" पण याच संघाच्या कॅचरने, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या पोरीने, मला उठून उभं राहायला लावलं. बसल्या जागेवरून तिने दुसऱ्या बेसवर चेंडू असा पोचवला की मी स्टॉपवॉच दोनदा तपासलं. पहिली जागा तिला दिली. तिची आई म्हणाली, "अभ्यास बी करून घ्या तिच्याकडनं." कबूल केलं. आता एकच जागा उरली.

चौथ्या दिवशी सकाळी अर्धापूरमार्गे हदगाव. अर्धापूर सोडेपर्यंत केळीच्या बागा, मग हळद आणि कापसाचे ट्रॅक्टर. मला हदगावच्या अलीकडच्या एका गावात उतरायचं होतं. तिथले क्रीडाशिक्षक कदम सर फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते.

"पोरी सहालाच येऊन बसल्यात मॅडम. म्या म्हणलं नऊला येणार हायत. ऐकतंय कोण?"

मैदानाच्या कडेला एक गृहस्थ उकिडवे बसले होते. सारिका नावाच्या मुलीचे वडील. थोडी शेती आहे आणि हंगामात कापसाच्या जिनिंगवर काम करतात. त्या दिवशी सुट्टी टाकून आले होते. मला नमस्कार करून म्हणाले, "तुमी घेतलं तर पोरीला लातूरला धाडायचं ठरवून राहिलो. न्हाई घेतलं तर हितंच नाव घालतो अकरावीला. पण हितं खेळ न्हाई. मंग सुटलाच म्हणायचा."

सारिका आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या कडेला उभी होती. पहिला चेंडू उडाला आणि बॅटचा आवाज विरायच्या आत तिचं पाऊल बरोबर पडलेलं होतं. दुसराही, तिसराही. तिने सगळे झेलले. शेवटच्या रकान्यात मी एवढे गुण क्वचित देते. मग तिने चेंडू परत फेकला. तो तीन टप्पे खात रांगत आला. पुन्हा फेकायला लावलं, पुन्हा तेच. खांदा आखडलेला, कोपर खाली. दहावीच्या मुलीचा हात इतका कमजोर असेल, तर दोन वर्षांत मी काय करणार? वहीत लिहिलं, 'फेक कमजोर', आणि नावावर रेघ मारली.

वडिलांना तोंडावर सांगायची माझी रीत आहे. सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण हातात जोर नाही."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "घरी तर लई जोर हाय मॅडम तिच्यात."

सगळेच बाप असं म्हणतात, म्हणून मी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

चाचणी संपली. कदम सरांनी ग्लोव्ह गोळा करून पोत्यात भरले. जाता जाता एका मुलीने गंमत म्हणून एक चेंडू हाणला, तो मैदानाबाहेर हरभऱ्यात गेला. सारिका धावली. हरभऱ्याच्या आंबेने, म्हणजे पानांवरच्या आंबट दवाने, तिची सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली. तिने चेंडू शोधला, वर उचलला आणि तिथूनच फेकला. एकही टप्पा न पडता तो सरळ रेषेत कदम सरांच्या हातात येऊन थडकला. सर हात झटकत राहिले.

तिने तो डाव्या हाताने फेकला होता.

"सर," मी म्हणाले, "ही डावरी आहे?"

कदम सरांचा चेहरा उतरला. "हाव. लिव्हती उजव्यानं, पण हात डावाच. तीन वर्सांमागं शाळेला नऊ ग्लोव्ह आले, समदे डाव्या हातात घालायचे. म्हंजे झेलायचं डाव्यानं, फेकायचं उजव्यानं. म्याच तिला म्हणलं, बाई, ग्लोव्ह असाच हाय, तू हात बदल."

सारिका धापा टाकत आली. मी विचारलं, तीन वर्षांत एकदाही बोलली का नाहीस? ती बापाकडे बघून म्हणाली, "मॅडम, डाव्यानं चालतंय का? मला वाटलं, उजव्याचा नियमच हाय."

वडील म्हणाले, "तिच्या मायनं लई हाणलं तिला डाव्यापायी. ताट डाव्यानं दिलं की हाणायची. वळण लागंल म्हणलं."

घरात आईने हात बदलला, वर्गात गुरुजींनी बदलला, मैदानावर कदम सरांनी. उरलेलं काम मी वहीत रेघ मारून पुरं केलं. इतर तिघांची कारणं तरी समजतात. मी तर हात तपासायलाच आले होते, आणि कुठला हात तपासते आहे हेच बघितलं नाही.

पोतं तसंच बांधलेलं ठेवून मी तिला दूर उभं केलं. दहा चेंडू, मोकळ्या हातांनी, डाव्याने. दोन भरकटले. आठ थेट कदम सरांच्या छातीसमोर आले. मैदानावर तीन वर्षं न वापरलेला हात हे करत होता. मी सगळ्यांसमोर वही उघडली आणि रेघेच्या वर तिचं नाव पुन्हा लिहिलं.

"दहावी पास हो आणि जूनमध्ये ये," मी म्हणाले. वडिलांनी विचारलं, "राहायला पोरींसोबतच असंल ना?" असेल म्हटल्यावर ते कदम सरांकडे वळले. "तीन वर्सं वाया घातली की सर तुमी." सर म्हणाले, "घातली खरी." कोणी रागावलं नाही. सारिकाच्या घरी धपाटे आणि दही खाऊन मी निघाले. जेवताना सारिकाने ताट डाव्या हाताने पुढे केलं. तिच्या आईने ते बघितलं आणि त्यात आणखी एक धपाटा वाढला.

परतीच्या वाटेवर नांदेडला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. डावऱ्यांचा ग्लोव्ह मागितला.

"न्हाई मॅडम. त्याला गिऱ्हाईकच न्हाई."

"दुकानात नाही म्हणून शाळेत नाही, शाळेत नाही म्हणून पोर डावी दिसत नाही, आणि पोर दिसत नाही म्हणून तुम्हाला गिऱ्हाईक नाही. हे थांबवायचं कोणी?"

दुकानदार हसला. "तुमी भाषण करता का कुटं?" पण ऑर्डर लिहून घेतली. आठ दिवसांत येतो म्हणाला.

मुरुडच्या काकांना मीच फोन केला. ते म्हणाले, "तुमी फाईल नीट बगितलीच न्हाई." त्यांच्या पुतणीला जागा मिळाली नाही याचं मला वाईट वाटतं. तिच्यासाठी दुसऱ्या एका महाविद्यालयात बोलले आहे.

लातूरला घरी आले ती समाधानाने. दोन पोरी मिळाल्या, रस्ते बरे होते, जेवण फारच चांगलं. पण दुसऱ्या दिवशी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. पानापानावर माझ्याच अक्षरात 'फेक कमजोर' आहे आणि समोर रेघ. त्यांतल्या किती पोरी चुकीच्या हाताने फेकत होत्या, हे आता मला कोणीही सांगू शकणार नाही. त्या आज कुठे आहेत, तेही मला माहीत नाही.

तुमच्या पोरी मात्र तुमच्यासमोर आहेत. तेव्हा सोमवारी ग्लोव्हचं पोतं उघडण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करा आणि प्रत्येकीला मोकळ्या हातांनी एक चेंडू उजव्याने, एक डाव्याने फेकायला लावा.