केवळाबाईचं आमेन

बिलोलीच्या छोट्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या रविवारी ख्रिस्तजन्माची जुनी भाकितं तोंडपाठ म्हणायची रीत आहे. त्यातलं मीखा संदेष्ट्याचं, तारणारा बेथलेहेमात जन्मेल असं सांगणारं, चाळीस वर्षं केवळाबाईकडे. बाईला अक्षरओळख नाही. सासूनं भाकरी थापता थापता पढवलं. पण एक शब्द इकडचा तिकडे होईल तर शपथ! खोड एकच. कुणी देवाच्या नावानं काही बोललं, की 'आमेन' म्हणायची भारी घाई. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं.

या घाईनंच यंदा घात केला. नोव्हेंबरात घरच्या प्रार्थनेला बाहेरगावचा एक उपदेशक आला. सून सिंधु हिचे दिवस भरत आलेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सांगून टाकलं, "याच छताखाली मुलगा जन्मेल. दवाखान्याची पायरी चढाल तर विश्वास मोडाल." केवळाबाई गरजली, "आमेन!" आता आमेन म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे, देवासमोर दिलेला तो शब्द. सिंधुची आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. तिचा नवरा शेषेराव त्या बोलाला असा चिकटला, की गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी दिलेल्या गोळ्याही त्यानं फळीवर ठेवून दिल्या.

डिसेंबरातल्या एका दुपारी सिंधु भिंत धरून खाली बसली. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले.

"आत्या, डोळ्यापुढं अंधार येऊन राहिलाय. डोस्कं लई दुखतंय."

केवळाबाईनं तिला सावरून धरलं. "शेषेराव, गाडी बोलीव!"

शेषेराव दारातच उभा. "आता? तूच आमेन म्हणलीस, आई. समद्यांम्होरं."

पोरगं खोटं कुठं बोलत होतं? भीती वाटली की केवळाबाईच्या ओठांवर मीखाचं वचन आपोआप यायचं, तसं ते आलं. बेथलेहेमापाशी मात्र ती थबकली. चाळीस वर्षं घोकलं, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. ख्रिस्ताची आई मरिया तर दूरच्या नासरेथ गावची!

"शेषू, बेथलेहेमाचं भाकीत शेकडो वर्षांचं हाय न्हवं? मग मरिया घरात बसून राहिली का? दिस भरले व्हते, तरी वाट तुडवीत गेली. देवानं तितं खरं केलं."

"अन् विश्वास?"

"माझा देवावर हाय. त्या पाहुण्यावर न्हाई!"

तेवढ्यात सिंधुचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. शेषेरावाचा सगळा हट्ट क्षणात गळाला. त्यानंच एकशेआठच्या रुग्णवाहिकेला फोन लावला.

नांदेडपर्यंतचा रस्ता संपता संपेना. केवळाबाई सुनेचं डोकं मांडीवर धरून बसली होती. तिनं देवाकडं काही मागितलंसुद्धा नाही; मागायची तिला लाज वाटत होती. संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी तासभर घरी थांबला असता, तर दोघीही हाती लागल्या नसत्या." शेषेराव भिंतीकडं तोंड करून रडला.

नाताळाआधीच्या रविवारी चर्च भरलं. सिंधु बाळाला घेऊन घरीच होती. केवळाबाई पुढं येऊन उभी राहिली.

"वचन म्हणायच्या आधी एक सांगते. त्या दिवशीचं माझं आमेन मी परत घेते. माणसाच्या बोलाला मी देवाचा बोल समजले. माझ्या आमेनापायी सून अन् नात जिवानिशी जात व्हत्या."

आमेन परत घेतलेलं तिथं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी नुसती होकारार्थी मान हलवली. मग बाईनं मीखाचं वचन म्हटलं, पहिल्यापासून शेवटापर्यंत, एकही शब्द न चुकता. सगळे तिच्या आमेनाची वाट बघत होते. ते काही येईना.

शेवटी मागच्या बाकावरून शेषेराव उठला.

"आमेन," तो म्हणाला.

केवळाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच्यामागून हळूच आमेन म्हटलं.