मास्तरला बोलतं करणाऱ्या अक्का

अक्का गेल्याचं मला शोभाने फोनवर सांगितलं. शोभा म्हणजे अक्कांकडे सकाळी कामाला येणारी बाई. ती रडत होती, "वहिनी, लवकर या, अक्का गेल्या," म्हणत होती, आणि तिच्या मागून अगदी खणखणीत, खुद्द अक्कांचाच आवाज येत होता, "बाहेर... बाहेर... बाहेर..." क्षणभर मला शोभाचा रागच आला. अगं, बाई बोलतेय आणि तू गेल्या काय म्हणतेस! मग लक्षात आलं, मास्तरची फिरायला जायची वेळ झाली होती. मास्तर म्हणजे अक्कांचा कुत्रा. त्याच्या पंजाखालच्या बटणात अक्कांचा आवाज होता आणि तो आपलं रोजचं मागणं मागत होता. घरात काय घडलंय हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं... आणि सांगणार तरी कोणत्या बटणाने?

अक्का माझ्या नणंद. माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. बाळासाहेब, म्हणजे माझे यजमान, साठी ओलांडून सेवानिवृत्त झाले तरी अक्कांच्या लेखी बाळ्याच होते. अक्कांनी लग्न केलं नाही. उभा जन्म बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीमागे बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे माइकवरून सांगण्यात गेला. नाशिकमधल्या एका पिढीने त्यांचा चेहरा कधी पाहिला नसेल, पण आवाज ऐकला असेल. "वणीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे वाक्य त्या अशा काही म्हणत, की वणीला काम नसलेल्या माणसानेही पिशवी उचलावी. घरीही तोच सूर. "सुनंदा, वरणाला फोडणी दिलेली नाही," हे मी आयुष्यभर सूचनेसारखंच ऐकत आले.

मास्तर त्यांना स्टँडवरच भेटला. अंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. हा रोज कंडक्टरच्या मागे मागे गाडीत चढायचा आणि गाडी सुटायच्या आत शिस्तीत उतरायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव मास्तर ठेवलेलं. निवृत्तीच्या दिवशी अक्का नारळ, शाल आणि मास्तर घेऊन सिडकोतल्या घरी आल्या. मला कुत्र्यांची भयंकर भीती. त्यामुळे पुढची काही वर्षं मी अक्कांकडे गेले की पाय वर घेऊन सोफ्यावर बसायचे, आणि मास्तर माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसा पाहायचा.

बटणांचं खूळ आणलं आमच्या मुलीने. मुक्ता बंगळुरूला असते. तिने अक्काआत्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली कुत्री जमिनीवर ठेवलेली बटणं दाबते, त्यातून शब्द ऐकू येतात, आणि तिला काय हवंय ते मालकिणीला कळतं. अक्का म्हणाल्या, "ती कुत्री इंग्रजी बोलते, आपला मास्तर मराठी बोलू शकत नाही की काय?" हा प्रश्न त्यांनी अस्मितेचाच केला. मुक्ताने बटणांचं पार्सल पाठवलं. बशीएवढी रंगीत बटणं. दाबून धरलं की लाल दिवा लागतो, तेवढ्यात जे बोलू ते आत भरलं जातं. नंतर नुसतं दाबलं की तेच ऐकू येतं. अक्का त्या दिवशी नवी साडी नेसून बसल्या होत्या. पहिल्या बटणात त्यांनी भरलं, "कृपया लक्ष द्या. बाहेर जाण्याची वेळ झालेली आहे." मुक्ता फोनवरून ओरडली, "अक्काआत्या, एकच शब्द! कुत्रा आहे तो!" मग अक्का एकेक शब्द बोलल्या. पण माइकसमोर घसा खाकरायची सवय कुठे जाणार? बाहेर, पाणी, खाऊ, नको... प्रत्येक शब्दाआधी एक भारदस्त खाकरणं भरलं गेलं ते कायमचं.

पुढचे कित्येक दिवस अक्का बटणं दाबत होत्या आणि मास्तर पाहत होता. पाणी ठेवण्याआधी पाणी, खायला देण्याआधी खाऊ. अक्कांच्या गुडघ्यांचा व्यायाम झाला, मास्तरची फक्त करमणूक. बाळासाहेब म्हणाले, "अक्के, तो शिकला नाही, त्याने तुला शिकवलं." मास्तरचा पहिला शब्द निघाला तोही चुकून. तो आळस देऊन खाली बसला तो नेमका 'नको'वर. अक्कांनी पेढे वाटले. पण मग एके दिवशी रिकाम्या भांड्याशी थोडा वेळ उभं राहून त्याने पंजा उचलला आणि खरंच 'पाणी' दाबलं. अक्कांनी लगेच मला फोन लावला आणि ते 'पाणी' मास्तरकडून पुन्हा दाबून घेऊन ऐकवलं. अर्थात आठवडाभरात त्याला 'खाऊ'चं माहात्म्य कळलं आणि घरात दिवसभर खाऊ, खाऊ, खाऊ सुरू झालं, तेव्हा अक्कांनी घाईने 'संपलं' असं नवं बटण भरलं. ते मात्र मास्तरला शेवटपर्यंत समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

माझ्या नावाचंही एक बटण त्यांनी केलं. पुढच्या रविवारी मी दारात पाऊल टाकलं तर मास्तर उठला, माझ्याकडे बघत त्याने आधी 'सुनंदा' दाबलं, मग 'बाहेर'. मी तिथेच थबकले. अक्का हरखून म्हणाल्या, "बघ, सुनंदा बाहेरून आली, म्हणतोय!" पण मास्तर काय म्हणाला ते मला आणि त्याला नीट कळलं होतं.

आणि मग मागच्या हिवाळ्यात अक्कांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. ज्या बाईने जन्मभर गावोगावच्या गाड्यांची नावं उच्चारली, तिला 'चहा' म्हणता येईना. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी तिथेच मुक्कामाला राहिले. अक्का दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायच्या. एका सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवून पेज भरवत होते. दोन घास झाले, तिसरा त्यांनी तोंडातच घेतला नाही. मी लहान मुलाशी बोलावं तशी लाडीगोडी लावत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मग त्यांचा डावा पाय हळूच सरकला आणि खोलीत त्यांचा जुना आवाज घुमला. खाकरून, स्पष्ट. "नको."

माझ्या हातून चमचा पडला. मास्तर धावत आला, त्याने पेजेला तोंड लावलं, आणि अक्का, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तोंड वाकडं करून का होईना, हसल्या.

त्या दिवसापासून बटणं दोघांची झाली. सायखेड्याचे भाऊराव, अक्कांचे चुलतभाऊ, भेटायला आले. कोणाला झटका आला, तो कसा दगावला, अशा गोष्टी ते तासभर सांगत बसले. अक्कांनी शांतपणे 'बाहेर' दाबलं. मास्तर ताबडतोब पट्टा तोंडात धरून भाऊरावांसमोर उभा! "मला ने म्हणतंय का काय हे? लय हुशार हाय हो," असं म्हणत भाऊराव त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत आल्यावर चहाला थांबले नाहीत.

काही शब्द अक्कांना नव्याने लागत होते. चहा, दुखतंय, दिवा. ते मी माझ्या आवाजात भरले. अक्कांनी 'चहा' दाबलं, ऐकलं आणि लगेच 'नको' दाबलं. मला वाटलं चहा नको. तसं नव्हतं. त्यांना माझा उच्चार पसंत नव्हता. पुन्हा भरला, पुन्हा 'नको'. शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी वर केली, पाठीत थाप मारून मला ताठ बसवलं, तेव्हा कुठे माझा 'चहा' पास झाला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

पण खरी गंमत मला नंतर कळली. दुपारी मी आडवी झाले की अक्का आपलेच शब्द एकेक करून वाजवायच्या आणि ओठ हलवून मागून म्हणायच्या. आमच्या कानांना नुसता घोगरा आवाज यायचा. एकदा त्या बटणाला हात न लावता काहीतरी पुटपुटल्या, "बा... ए..." आणि झोपलेला मास्तर ताडकन उठून दाराशी गेला. अक्का पुन्हा म्हणाल्या. मास्तरने पट्टा आणला. वाचेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग त्यालाच बसवा रोज समोर, मी आठवड्यातून एकदाच येते." माणसांना कळायला अजून बरेच दिवस लागले, पण हळूहळू पाच-सहा शब्द खरंच परत आले. 'सुनंदा'चं 'नंदा' झालं होतं. मला ते आवडायचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला लाडाने कधी हाक मारली नव्हती... ही लाडाची नव्हतीच, पण मी ती तशीच घेतली.

दुसरा झटका पहाटे आला, नेमकी मी एका रात्रीपुरती घरी आले होते आणि शोभा त्यांच्या सोबतीला झोपली होती. त्यातून त्या उठल्या नाहीत.

मास्तर आता इंदिरानगरला आमच्याकडे असतो. मी पाय वर घेऊन बसत नाही. सुरुवातीला त्याने बटणांना स्पर्शसुद्धा केला नाही. भांडं रिकामं असलं तरी नुसता बसून राहायचा. तशात 'खाऊ'च्या बटणाचे सेल उतरले. अक्कांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायला लागला, तो बाळासाहेबांना ऐकवेना. त्यांनी सेल बदलले आणि नीट बसले की नाही हे पाहायला बटण दाबून धरलं. लाल दिवा लागला. ते घाबरून मला हाक मारायला लागले, आणि दिवा विझला तेव्हा अक्कांचा 'खाऊ' कायमचा पुसला गेला होता. बाळासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मी समजूत घातली, बाकीची बटणं आहेत ना. ते म्हणाले, "जेवायला तीच हाक मारायची गं मला, लहानपणी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर उठला. बटणांपाशी गेला, हुंगलं, आणि इतक्या दिवसांनी प्रथमच पंजा ठेवला. बटणातून बाळासाहेबांचा धांदरट आवाज आला, "अगं, हा दिवा बंद कसा करायचा?" मास्तरने पडलेला कान जरासा उचलला आणि शेपूट हलवत वाट पाहत बसला. त्याच्या दृष्टीने काही बिघडलं नव्हतं. ज्या जागी अक्कांनी खाऊ शिकवला, त्या जागी खाऊ होताच. बाळासाहेब आधी हसले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले, मग बिस्किटाचा डबा घेऊन आले.

तो शब्द आम्ही पुन्हा भरला नाही. रोज संध्याकाळी आमच्या घरात तोच प्रश्न विचारला जातो, आणि बाळासाहेब गुडघ्यावर हात टेकत उठतात. "अजून नाही रे कळलं," असं मास्तरला सांगतात आणि त्याच्यासमोर बिस्कीट धरतात.