गोड्या पाण्यातलं समुद्रशेवाळ

आक्काचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कागदावर सही करत होतो. "तुझे दाजी गेले," एवढंच बोलली. मी सही पूर्ण केली... का, ते दीड महिना झाला तरी कळलेलं नाही.

दाजींचं घराणं मेंढपाळांचं. मेंढरं विकून त्यांनी हर्सूलच्या पुढं शेततळं केलं, रोहू-कटला मासे सोडले. मेंढरांना पाजण्याआधी पाणी चाखून बघायची सवय मात्र तळ्यावरही सुटली नाही. रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकायचे आणि म्हणायचे, "आज पाणी जड हाय." मी चेष्टा करायचो. ते मला 'साहेब' म्हणून उट्टं काढायचे.

मग लागोपाठ पावसानं दगा दिला. आजूबाजूला प्लॉट पडले, प्लॉटागणिक बोअर झाले, तळ्याला पाणी देणारी विहीर आटली. तळं निम्म्यावर आलं, माशांच्या घाणीनं वास मारू लागलं, आणि पाणी बदलायला पाणीच नव्हतं. त्याच सुमारास मी कोकणात फिरायला गेलो होतो. समुद्रशेवाळ माशांची घाण शोषून पाणी स्वच्छ ठेवतं, असं तिथं कानावर पडलं. अर्धवटच ऐकलं, आणि दोन पोती भरून आणली.

दाजींनी तुकडा चावून बघितला. "साहेब, खारट हाय की वो हे. आपल्या गोड्या पाण्यात जगंल का?"

"शास्त्र आहे दाजी. तुमची जीभ ठेवा बाजूला."

माझ्या शब्दाखातर त्यांनी ती ठेवली.

तिसऱ्या दिवशी शेवाळ सडलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले... दाजी छातीएवढ्या पाण्यात उतरून सडका लगदा ओढत होते. मी काठावरून बादल्या भरून पुन्हा तळ्यातच ओतत होतो, तेवढीच हवा मिळेल म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळं तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं. "बास करा साहेब, हात सोलले तुमचे," एवढंच ते म्हणाले. नंतर शहागंजच्या बाजारात हमालीला जाऊ लागले. या उन्हाळ्यात तिथंच कोसळले.

मासे मेले तेव्हा आक्का वेरूळला लेकीकडं होती. तिनं यातलं काहीच पाहिलं नव्हतं. परवा तिनं दाजींचं घोंगडं घडी घालून माझ्या हातात दिलं.

"तू ने हे. ते सांगायचे मला... साहेब शेवाळाला लई नको म्हणत व्हते, म्याच ऐकलं नाय. तुझं ऐकलं असतं तर आज असते रे."

 घोंगडं काखेत घेऊन बाहेर पडलो. आक्काला वाचता येत नाही. म्हणून तर हे इथं लिहायचं धाडस झालं.