गाडी खाली व्हायच्या आधी मोजलेला माल

वळ गावच्या गोदामात मी माल तपासणीला आहे. परत आलेल्या मालाला आम्ही लाल पट्टी लावतो आणि बाजूला ठेवतो. ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला तरी तपासणी संपेपर्यंत ती पट्टी निघत नाही. दिघाशी गावातल्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पण ही शिस्त मला इथेच लागली.

मुलगी पाहायला जायच्या पंधरवडाभर आधी, एका सहलीत, ओळखीच्या बाईशी माझा संबंध आला. निरोध वापरला नव्हता. भीतीने चौथ्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी केली. निगेटिव्ह. त्या कागदाच्या जोरावर मी मुलगी पाहिली, होकार दिला.

पुढे मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि झोप उडाली. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना तो कागद दाखवला.

"दादा, हा रिपोर्ट तुमची त्या दिवसाच्या आधीची स्थिती सांगतो. लागण झाली असली, तरी चौथ्या दिवशी दिसत नाही. पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर औषध सुरू करता आलं असतं. आता आज, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासू."

मी खजील झालो. रोज दुसऱ्यांचा माल तपासणारा मी, गाडी खाली व्हायच्या आधीच मोजणी करून मोकळा झालो होतो.

साखरपुडा पुढल्या महिन्यात होता. बाबा गोठ्यात होते. तो तीन महिने पुढे ढकलू, म्हणालो.

"तीन महिने पुढं? मंडपवाल्याला शब्द दिलाय. लोक काय म्हणतील?"

"बाबा, माझी एक तपासणी बाकी आहे."

"कसली?"

सांगितलं. ते बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मंग मला काय सांगतोस? आधी तिला सांग. मंडपवाल्याचं मी बघतो."

निरक्षर माणूस. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदवीच्या दिवशी स्वतःचाही वाटला नव्हता.

तिला फोनवर सगळं सांगितलं. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "साखरपुडा त्यानंतरच. आणि रिपोर्ट मी स्वतः वाचणार, तुमच्या तोंडून ऐकणार नाही."

ते तीन महिने मी साध्या सर्दीनेही घाबरायचो. जिभेवर पांढरे डाग आलेत का, ते आरशात बघायचो. सहा आठवड्यांचा रिपोर्ट चांगला आला तरी पट्टी काढली नाही.

शेवटच्या दिवशी ती भावाला घेऊन दवाखान्यात आली. त्याला बाहेर चहाला पाठवलं. कागद हातात आल्यावर तिने निकाल पाहिला नाही. आधी वरची तारीख पाहिली, बोटांवर त्या सहलीपासूनचे महिने मोजले, तीन पूर्ण भरल्यावरच नजर खाली नेली. निगेटिव्ह.

मग कागद माझ्या हातात देऊन ती ताईंना म्हणाली, "आता माझीपण तपासणी करा."

तारीख आधी बघायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.