लोखंडावरचा नंबर

माझ्या भावानं संग्रहालयात एका म्हाताऱ्याला ट्रायपॉडनं मारलं, तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. लोक विचारतात, तुला अडवता आलं नसतं का? आलं असतं. मी अडवलं नाही. उलट "अजून मार" म्हणाले. हे मी पोलिसांनाही सांगितलंय, त्यामुळे आता कुणी मला शहाणपण शिकवू नये.

दादा बस डेपोत वेल्डर. एकतीस वर्षं त्यानं तुटलेल्या चासी जोडल्या. सुट्टी मिळाली की कॅमेरा, ट्रायपॉड, स्पिरिटची बाटली आणि खडू घेऊन निघालाच. कुठल्याही संग्रहालयाच्या अंगणात जुना रणगाडा उभा असला की हा हजर. चाकं मोजायचा, जोड चाचपायचा आणि शेजारची पाटी वाचून फिदीफिदी हसायचा. पाटीवरचा नंबर रंगाऱ्याचा, लोखंडावरचा कारखान्याचा, असं त्याचं म्हणणं. गाडी ओढायच्या पुढच्या कडीवर नंबर ठोकलेला असतो. तो स्पिरिटनं पुसून वर खडू घासला की आकडे पांढरे उमटतात. मग फोटो. वहिनी म्हणायची, सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या, या लोखंडाचं काय धरू?

छंद कसला, तो बाबांची गाडी शोधत होता. बाबा रणगाड्यात तोफेवर होते. युद्धात गेले तेव्हा दादा आठ वर्षांचा, मी पाच. घरी बंद पेटी आली, उघडू नका असं बजावून. आमची आई ऐकणारी नव्हती. तिनं उघडली. आत बुटासकट एक पाय होता. बूट सहा नंबरचा. बाबांना नऊ नंबर लागायचा. आई किंचाळली नाही, तिनं बूट परत आत ठेवला आणि झाकण लावलं. ते झाकण लावणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

पुढं काही वर्षांनी बाबांचा ड्रायव्हर, त्या गाडीतून वाचलेला एकटाच, पिऊन दारात आला. म्हणाला, मी कसाबसा बाहेर पडलो आणि मागनं आपल्याच गोळ्यानं गाडी उडवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि गेला निघून. आईचं अन्न तुटलं. मरेपर्यंत एकच घोकायची, आपल्याच माणसानं मारलं का रे? दादाला तेवढंच शोधायचं होतं. बाबांच्या पत्रात गाडीचा नंबर होता.

त्या दिवशी खडूखाली तोच नंबर उमटला. दादा प्रदक्षिणा घातल्यासारखा गाडीभोवती फिरला आणि भराभर फोटो काढले. वरच्या गॅलरीतूनही काढले. रणगाड्यावरचा घुमट, ज्यातून तोफ पुढं निघते, त्याच्या पाठीला मुठीएवढं भोक होतं. आतबाहेर रंग फासलेलं. दादानं बोट घातलं. कडा आत वळलेल्या. म्हणजे गोळा मागून आत शिरलेला.

तेवढ्यात माहिती सांगणारा म्हातारा आला, हात लावू नका म्हणत. निवृत्त सैनिक, छातीवर बिल्ला. दादानं अगदी नीट विचारलं, तुम्ही होता का या लढाईत? म्हातारा म्हणाला, होतो, याच्या मागच्या गाडीत, तोफेवर. दादा म्हणाला, हे भोक कुणाचं? म्हाताऱ्यानं भोकाकडे बघितलं.

"धूर होता," तो म्हणाला. "धुरातून एक तोफ माझ्याकडे वळताना दिसली. मी गोळा सोडला."

पहिला फटका कानावर बसला. दुसऱ्यानं जबडा मोडला, तो कडकन आवाज मला ऐकू आला. म्हातारा पडला, हातसुद्धा वर केला नाही त्यानं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी ओरडले ते तेव्हा. तिसरा फटका डोळ्यावर. दात फरशीवर घरंगळले. चौघांनी मिळून दादाला ओढलं तेव्हा ट्रायपॉडचा एक पाय वाकलेला होता आणि दादाच्या शर्टावर पोटापर्यंत रक्त होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

जामीन झाला. दादानं आईच्या फोटोसमोर लावायला म्हणून गाडीचे फोटो छापून आणले. दुपारी टेबलावर पसरून बघता बघता त्यानं एका फोटोवर बोट ठेवलं. ड्रायव्हरला बाहेर पडायच्या झाकणाशेजारी, पुढच्या उतरत्या पत्र्यावर, बोटभर खोल चर होता. पुढून मागे खरवडत गेलेला. दादानं कात्री मागितली. गॅलरीतून काढलेल्या फोटोतला घुमट गोल कापला, पुठ्ठ्यावर टाचणीनं परत बसवला आणि अर्धा फिरवला. चर आणि भोक एका रेषेत आले.

अहो, घुमट फिरतो! हे तर गल्लीतल्या पोरांनाही दादानंच शिकवलेलं. तोफ पुढं असली की ड्रायव्हरचं झाकण तिच्याखाली अडकतं. ड्रायव्हरला बाहेर काढायला बाबांनी तोफ पाठीमागं वळवली. ती मागच्या गाडीवाल्याला दिसली, त्यानं गोळा सोडला, आणि ड्रायव्हर तोच आवाज धरून बसला. पण त्याच वेळी समोरून शत्रूचा गोळा पत्रा खरवडत आला, तो घुमटाच्या पुढं आलेल्या पाठीत घुसला. म्हातारा 'तोफ वळली' म्हणाला होता. बावीस वर्षं रणगाडे ओळखणाऱ्या माझ्या भावानं ते ऐकलं आणि हात उचलला. दादानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, दोनदा. मी त्याचा हात धरला, या वेळी धरला.

दवाखान्यात म्हाताऱ्याचा जबडा तारेनं बांधलेला होता. एक डोळा गेला, तो काही परत यायचा नाही. त्याच्या मुलीनं आम्हाला दारातच शिव्या घातल्या. आम्ही खाल्ल्या. म्हाताऱ्यानंच हातानं आत बोलावलं. दादा म्हणाला, "काका, तुमचा गोळा नव्हता," आणि पुठ्ठा त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. घुमट फिरवला. चर दाखवला. म्हाताऱ्यानं खूण केली, परत दाखव. दादानं परत दाखवलं. असं चार वेळा झालं. म्हाताऱ्याच्या त्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं, सुटला बिचारा, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

मग तो तारांमधून बोलला. कान तोंडाशी नेला तेव्हा कळलं.

"मग माझा गोळा कुणाला लागला?"

त्या दिवशी म्हाताऱ्याच्या गाडीपुढं आपल्याच सहा गाड्या होत्या, हे दादाला पाठ होतं. त्यानं पुठ्ठा पालथा ठेवला.